द्राक्षबागेतील कीड येते कोठून?

फेब्रुवारी-मार्चमध्ये बाग उक्ती घ्यायला गेलेला व्यापारी प्रथम घड हातात धरतो. मणी टपोरे, रंगही चांगला. पण बोटाला चिकट लागले आणि आत काळी काजळी दिसली की सौदा तेथेच मोडतो. हे काम पिठ्या ढेकणाचे. बागाईतदार त्याला मिलीबग म्हणतात.

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात श्रीगोंदा, राहाता भागांत द्राक्षाच्या बागा आहेत. आपल्या बागवान बांधवांचा या मालाशी रोजचा संबंध, म्हणून ही कीड फिरते कशी हे त्यांनाही माहीत असावे.

पिठ्या ढेकणाच्या मादीला पंख नसतात. तरीही तो बागभर पसरतो, कारण अंड्यातून निघालेली पिल्ले रांगती असतात आणि डोळ्यांना सहज दिसत नाहीत. वाऱ्याने, मजुरांच्या कपड्यांनी, कात्रीने आणि क्रेटने ती पुढे जातात. घडात गोडी उतरेपर्यंत कीड खोडाच्या व ओलांड्याच्या सुटलेल्या सालीखाली दडून बसते, मग घडांकडे सरकते. मुंगळे तिच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी तिची राखण करतात आणि तिला खाणाऱ्या मित्रकिड्यांना हुसकावतात. खोडावर मुंगळ्यांची रांग दिसली की साल उचलून पाहावी. जास्वंद, भेंडी, पेरू, सीताफळ यांवरही हीच कीड जगते. पेरूच्या वाडीशेजारी द्राक्ष असेल तर बांधावरही नजर हवी.

ऑस्ट्रेलियातून १८९८ साली भारतात आणलेला एक भुंगेरा या ढेकणांवर जगतो. त्याची अळीही पांढरी, पिठाळ दिसते. मिलीबग समजून तिलाच चिरडणारे लोक कमी नाहीत!

फुलकिडे मिरची, डाळिंब, एरंडीवरून वाऱ्याबरोबर येतात आणि कोवळ्या मण्यांची साल खरवडतात. तो डाग शेवटपर्यंत राहतो. उडद्या भुंगा छाटणीनंतर फुगलेले डोळे पोखरतो. वेल हलवली की मेल्याचे सोंग घेऊन खाली पडतो. खोडकिड्याचे मूळ घर बाभूळ. पावसाळ्यात भुंगेरे निघतात, वेलीच्या खोडावर अंडी घालतात. अळी आत बोगदा करते. बुंध्याशी लाकडाचा भुसा साचलेला दिसला की समजावे. बाभळीचे लाकूड चिरताना सुतार बांधवांना असे बोगदे दिसलेही असतील.

सर्वांत वेगवान वाहन मात्र माणूसच. फ्रान्सच्या बागा उजाड करणारी फायलोक्सेरा १८६० च्या सुमारास अमेरिकेच्या रोपांबरोबर समुद्र ओलांडून गेली. आपल्याकडे एका बागेतले चिकट क्रेट न धुता दुसऱ्या बागेत जातात. मग दोष हवेला! किडीची बाग शेवटी तोडावी, क्रेट दरवेळी धुवून उन्हात वाळवावेत, खराब घड बांधावर न टाकता खोल पुरावेत. क्रेट व्यापाऱ्याचे असतात, त्यामुळे ते धुण्याची जबाबदारीही त्याचीच. शिवाय पुढच्या हंगामात सौदा करायला त्याच बागांत जायचे असते.