आधी मिटायचं, मग उसळायचं

नाकात बधिरतेचं औषध फवारून कान-नाक-घशाचे डॉक्टर बारीक, लवचीक दुर्बीण आत सरकवतात. खुर्चीतल्या काकांना सांगतात, "लांब 'ई' म्हणा." पडद्यावर दोन पांढऱ्याशुभ्र स्वरपट्ट्या मध्यावर येऊन जुळतात. "आता खोल श्वास घ्या आणि खोका."

श्वासाबरोबर पट्ट्या एकदम फाकतात. मधल्या तिकोनी फटीतून थेट श्वासनलिकेची कडी दिसतात. लगेच पडद्यावर नुसता गुलाबी रंग उरतो, कारण स्वरपट्ट्या मिटतात, त्यांच्या वरच्या खोट्या पट्ट्याही आवळतात. मग हिसका बसतो, आणि दुर्बिणीच्या काचेवर कफ येऊन चिकटतो.

तेच चित्रण एकेक चौकट थांबवून बघावं. सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर मिटलेला काळ सुमारे ०.२ सेकंद, म्हणजे जेमतेम पाच चौकटी. खोकल्याची सगळी ताकद इथे तयार होते. पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू हवा दाबत असतात, वाट मात्र बंद. जोराच्या खोकल्यात छातीतला दाब ३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत चढू शकतो. निरोगी माणसाच्या रक्तदाबाचा वरचा आकडा १२०च्या आसपास असतो. ढास लागली की बरगड्या ठणकतात, क्वचित मोडतातही, त्यात नवल ते काय?

पट्ट्या सुटतात तेव्हा हवा उसळते आणि कफ घेऊन निघते.

हे मिटणं बिघडतं कसं? डाव्या स्वरपट्टीची नस थेट घशात येत नाही. ती छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालून पुन्हा वर चढते. त्यामुळे छातीतली गाठ किंवा थायरॉईडची शस्त्रक्रिया तिला इजा करू शकते. मग पट्टी जागच्या जागी थिजते, फट उरते, हवा निसटते. आवाज बसतो, खोकलाही फुसका होतो.

लोक येतात ते आवाजाची तक्रार घेऊन. खोकल्याचं त्यांना फारसं वाटत नाही, आणि धोका तिथेच जास्त असतो: पाण्याचा घोट श्वासनलिकेत गेला तर तो बाहेर फेकायला जोर उरलेला नसतो. पाणी पिताना ठसका लागतो का, हे अशा माणसाला आवर्जून विचारायलाच हवं. थिजलेल्या पट्टीत इंजेक्शनने औषधी जेल भरून ती मध्याकडे सरकवता येते. दुसरी पट्टी तिला येऊन नीट भिडली, की खोकल्याला पुन्हा जोर येतो.