हळदीत नाही, माशात आहे
कळमनुरीच्या शिवारातल्या हळदीत, सोयाबीनमध्ये, त्यावरच्या अळीतही एफटीओ हे जनुक नाही. इसापूर धरणातल्या माशांत, गोठ्यातल्या म्हशीत आणि आपल्यात मात्र आहे. लठ्ठपणाशी त्याचं नातं २००७ साली जुळलं. पुढच्याच वर्षी हे जनुक कोणाकोणात आहे ते कळलं: पाठीचा कणा असलेले प्राणी आणि, गंमत म्हणजे, समुद्रातली शैवालं! म्हणजे हे काही चरबीसाठी घडलेलं जनुक नव्हे. त्यापासून बनणारं विकर आरएनएवरच्या रासायनिक खुणा पुसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, की भारतीयांत या जनुकाची काही रूपं मधुमेहाशी निगडित आहेत आणि निव्वळ वाढत्या वजनाने या नात्याचा पुरता उलगडा होत नाही.