महागडे पिस्तूल आणि परवान्याचे अर्थकारण

गोळीचे माप तेच, आकार आणि वापरही सारखाच. तरीही दोन पिस्तुलांपैकी कित्येक पट महाग असलेलेच घेण्याचा आग्रह धरणारे ग्राहक उत्तर भारताच्या शस्त्रबाजारात सहज आढळतात. याला केवळ हौस म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात या किमतीमागे संसदेने आणि केंद्र सरकारने चार दशकांत घेतलेले निर्णय उभे आहेत.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार ९ मिलिमीटरसारखी ‘प्रतिबंधित बोअर’ची शस्त्रे सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. हाती उरते ते प्रामुख्याने .३२ बोअर. त्यात इच्छापूरचे ‘अशनी’ पिस्तूल किंवा कानपूरचे रिव्हॉल्व्हर ही सरकारी आयुध निर्माणींची उत्पादने तुलनेने स्वस्त. परंतु गेल्या शतकातील ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून व्यक्तिगत शस्त्रआयात जवळजवळ थांबली. त्यापूर्वी देशात आलेली जर्मन वॉल्थर वा बेल्जियन ब्राउनिंग एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली. त्यांची संख्या वाढण्याचा मार्ग बंद झाला, मागणी मात्र वाढत गेली. किंमत चढली ती या टंचाईमुळे.

या टंचाईला राजधानीत एक खिडकी होती. सीमाशुल्क विभागाने जप्त केलेली विदेशी शस्त्रे निवडक व्यक्तींना विकण्याची पद्धत होती आणि लाभार्थींमध्ये खासदारही होते, हे माहिती अधिकारातून उघड झाले. जी वस्तू सामान्यांना दुर्मीळ, ती लोकप्रतिनिधींना सरकारदरबारी उपलब्ध, असा हा विरोधाभास. साहजिकच विदेशी पिस्तूल हे सत्तेशी असलेल्या जवळिकीचे चिन्ह ठरले.

तथापि, सारा दोष प्रतिष्ठेच्या हव्यासाला देणे अन्यायाचे होईल. आत्मरक्षणाचे शस्त्र आयुष्यात कदाचित एकदाच चालवावे लागते आणि त्या क्षणी ते अडकले तर दुसरी संधी नसते. घोड्याची सफाई, धातूचा दर्जा आणि गोळी सुरळीत भरली जाण्याची खात्री यांसाठी ग्राहक अधिक पैसे मोजतो. शिवाय दुर्मीळ शस्त्राची पुनर्विक्रीची किंमत टिकते. त्यात संख्येच्या मर्यादेची भर पडली. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीन शस्त्रांची मर्यादा घातली. २०१९ च्या विधेयकात ती एकावर आणण्याचा प्रस्ताव होता. विरोधानंतर दोनवर तडजोड झाली. दोनच शस्त्रे बाळगता येणार असतील, तर त्यातले एक स्वस्तातले का घ्यावे, असा विचार ग्राहकाने केल्यास नवल नाही.

जानेवारी २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आलेल्या ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हरने या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे हे शस्त्र पर्समध्ये सहज मावणारे होते. बोअर .३२ च, जादा पैसे हलकेपणाचे. किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. दिल्लीतील २०१२ च्या अत्याचारानंतर ज्या कष्टकरी स्त्रीच्या सुरक्षेची चर्चा देशभर झाली, तिच्या आवाक्यात ते कधीच नव्हते.

२०१६ च्या शस्त्र नियमांनंतर खासगी उत्पादकांना वाव मिळाला. २०२० मध्ये वेब्ली अँड स्कॉट ही ब्रिटिश नाममुद्रा उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात.३२ रिव्हॉल्व्हर घेऊन आली. स्पर्धेमुळे ग्राहकाला चांगल्या दर्जाचे पर्याय मिळतील. पण परवाना कुणाला आणि कोणत्या निकषावर मिळतो, हा प्रश्न त्याने सुटत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात धोक्यापेक्षा वजन मोजले जाते, अशी भावना जोवर आहे, तोवर कमरेचे महागडे पिस्तूल चोराला धाक घालण्याआधी शेजाऱ्याला आपली पोच दाखवीत राहील.