छोट्या पडद्यावरचा आलेख : नवं आलं तेवढंच रंगवा

गेल्या आठवड्यात आपण मायक्रोकंट्रोलरला जोडलेल्या डिस्प्लेवर आकडे कसे दाखवायचे ते पाहिलं. पण नुसता आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा पाणी किती आहे याच्याइतकाच ते किती वेगानं चढतंय हा प्रश्न जीवनमरणाचा होता. तो चढ डोळ्याला एका नजरेत दिसतो तो आलेखातच. म्हणून नदीकाठी किंवा बंदरात लावायच्या स्वस्तातल्या स्वस्त यंत्रावरही आलेख हवाच, असं माझं ठाम मत आहे.

उदाहरण रत्नागिरीचंच घेऊ. मिरकरवाडा बंदराच्या धक्क्यावर एक अल्ट्रासोनिक सेन्सर पाण्याकडे तोंड करून बसवायचा आहे असं धरा. तो पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो; सेन्सरच्या उंचीतून ते वजा केलं की पातळी मिळते. जोडीला आर्डुइनो उनो आणि आयएलआय ९३४१ चिपचा, ३२० बाय २४० पिक्सेलांचा रंगीत डिस्प्ले. (डिस्प्लेचे सिग्नल ३.३ व्होल्टचे आणि उनोचे ५ व्होल्टचे, तेव्हा मध्ये लेव्हल शिफ्टर घालायला विसरू नका.) बोट बाहेर काढण्याआधी तांडेलानं पडद्याकडे पाहिलं की गेल्या २४ तासांतली भरती-ओहोटी त्याला दिसली पाहिजे.

आता हिशेब. पडद्यावर ७६,८०० पिक्सेल आणि प्रत्येकाच्या रंगाला दोन बाइट, म्हणजे एका चित्राला १,५३,६०० बाइट. उनोची रॅम अवघी २ केबी. अख्खं चित्र मेमरीत तयार करण्याचा प्रश्नच नाही. डिस्प्लेला माहिती पाठवणारी उनोची एसपीआय जोडणी जास्तीत जास्त ८ मेगाहर्ट्झवर चालते. त्या वेगानं पूर्ण पडदा पाठवायला किमान १५४ मिलिसेकंद लागतात. नवशिका प्रोग्रॅमर दर नव्या मोजणीला पडदा पुसतो आणि सगळा आलेख पहिल्यापासून काढतो. पडदा लुकलुकतो, आणि रंगवण्यात गुंतलेला प्रोसेसर तेवढा वेळ सेन्सरकडे पाहतच नाही.

जुन्या भरतीमापकांत घड्याळाच्या चावीवर फिरणारा ड्रम, त्यावर कागद आणि एक पेन असे. मुंबईच्या अपोलो बंदरातल्या भरतीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. पेन फक्त आत्ताची पातळी उमटवी. सकाळी काढलेली रेघ संध्याकाळी कुणी पुन्हा काढत नसे. आपल्यालाही नेमकं हेच करायचं आहे.

२४ तासांत १,४४० मिनिटं. पाच मिनिटांना पिक्सेलांचा एक उभा स्तंभ दिला तर २८८ स्तंभ होतात. ३२० मधले उरलेले ३२ डावीकडे मीटरचे आकडे लिहायला पुरतात. उंचीचे २०० पिक्सेल चार मीटरना दिले, तर एक पिक्सेल म्हणजे २ सेंटिमीटर. पातळी मिलिमीटरमध्ये ठेवली की तिला २० नं भागलं, झालं काम. दशांश अपूर्णांकांच्या वाटेला जायचं नाही. उनोच्या चिपमध्ये त्यांच्यासाठी वेगळं हार्डवेअर नाही आणि ती गणितं फार वेळ खातात.

प्रत्येक स्तंभात काय साठवायचं, हा मात्र विचार करण्याचा मुद्दा आहे. दर सेकंदाच्या मोजणीत लाटांची हालचाल मिसळलेली असते, ती भरती नव्हे. म्हणून मिनिटाची सरासरी घ्या. पुढे मात्र सरासरी थांबवा. पाच मिनिटांतली सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अशा दोन्ही पातळ्या जपा. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचे चढउतार गोव्यात मुरगावच्या भरतीमापकानेही टिपले होते. तासातासाची सरासरी काढणाऱ्या आलेखात असे चढउतार सपाट होऊन जातात. ज्या घटनेसाठी यंत्र लावलं, तीच पुसून टाकणारा आलेख काय कामाचा? २८८ स्तंभ, प्रत्येकी दोन आकडे, आकड्याला दोन बाइट : १,१५२ बाइट. उनोत हे बसतं. मूळ मिलिमीटर हाताशी असल्यानं पातळी चार मीटरच्या वर गेली तर माप बदलून सगळा आलेख एकदाच नव्यानं काढता येतो.

नवा स्तंभ काढायलाही वेगळा बफर नको. वरून खाली येताना प्रत्येक पिक्सेलला विचारायचं : तू कमी-जास्तच्या मध्ये आहेस का? असलास तर रेघेचा रंग, जाळीवर असलास तर करडा, नाहीतर पार्श्वभूमीचा. तिथल्या तिथे ठरवून पाठवून द्यायचं. ४०० बाइट, ०.४ मिलिसेकंद. आधी पुसणं नसल्यानं लुकलुक नाही. शेजारच्या स्तंभाशी फट पडत असेल तर नव्या स्तंभाचं टोक जुन्याला टेकेपर्यंत वाढवायचं. आयबीएममध्ये ब्रेसनहॅम यांनी १९६२ मध्ये प्लॉटरसाठी बसवलेली तिरक्या रेघेची सुंदर पद्धत इथे लागतच नाही.

राहिला प्रश्न आलेख डावीकडे सरकवण्याचा. ते काम डिस्प्लेवर सोडा. या चिपला पडद्याचा काही भाग स्थिर ठेवून बाकीचा सरकवता येतो. ३३ हेक्स या आज्ञेनं स्थिर ३२ आणि सरकते २८८ असं एकदा सांगायचं आणि पुढे ३७ हेक्सनं सुरुवातीची जागा बदलत राहायची. एक पिक्सेलही पुन्हा पाठवावा लागत नाही. एक अडचण मात्र आहे : सरकत्या भागात लिहिलेला मजकूरही सरकतो. तेव्हा आत्ताची पातळी दाखवणारा आकडा त्या ३२ स्तंभांतच बसवा. ही सोय ३२० च्या दिशेनंच चालते. पडदा आडवा धरूनच वापरा.

पुढच्या आठवड्यात वीज गेल्यावर हा २४ तासांचा आलेख परत कसा मिळवायचा ते पाहू. तोवर सेन्सर हाताशी नसेल तर साइन लहरीचे आकडे पुरवून हा आलेख चालवून पाहा आणि एका स्तंभाला प्रत्यक्षात किती वेळ लागतो ते मोजून ठेवा.