प्रीमेड: उरलेल्या चार जागांत कोणते सायन्स कोर्स घ्यायचे?

(हे भागाचं लिखित रूप आहे. बोलतानाचे अडखळे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय थोडा वेगळा आहे. मी इंजिनिअर माणूस, डॉक्टरकीशी माझा संबंध ताप आला की दवाखान्यात जाण्यापुरताच. पण माझी मावसबहीण न्यू जर्सीत वाढलीय, तिथल्याच एका युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिला डॉक्टर व्हायचंय. नोव्हेंबरमध्ये तिचा व्हिडिओ कॉल आला. "दादा, परवा रजिस्ट्रेशन उघडतंय. माझ्याकडे अकरा कोर्सेसची यादी आहे आणि जागा चारच उरल्यात. आई म्हणते सगळ्यात कठीण घे, म्हणजे त्यांच्या नजरेत भरेल. तू एक्सेल घेऊन बस ना माझ्याबरोबर."

बसलो. दोन रात्री बसलो. त्या दोन रात्रींत जे समजलं, ते आज सांगतो.

आधी हे प्रीमेड म्हणजे काय

आपल्याकडे बारावी, नीट आणि थेट एमबीबीएस. अमेरिकेत तसं नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल. प्रीमेड ही डिग्री नाही, ती एक वाट आहे. तुम्ही मेजर कुठलाही करा, अगदी इतिहाससुद्धा. पण बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स प्रत्येकी साधारण एक वर्ष, लॅबसकट, झालेलं लागतं. बऱ्याच ठिकाणी बायोकेमिस्ट्रीही मागतात. मग एमकॅट नावाची परीक्षा, मग अर्ज. अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना त्या वर्षी प्रवेश मिळतो.

(इथून व्हिसावर जाऊन हे करायचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच बघा: तिथली बरीच मेडिकल स्कूल्स परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज घेतच नाहीत.)

सक्तीचे कोर्स पहिल्या दोन-अडीच वर्षांत उरकतात. त्यानंतर येतात ३०० आणि ४०० नंबरवाले वरचे कोर्स. फिजिऑलॉजी, जेनेटिक्स, सेल बायोलॉजी, इम्युनॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, ॲनाटॉमी, न्यूरोसायन्स वगैरे. इथे निवड असते, आणि गोंधळही इथेच होतो.

एका सीची किंमत

मावशीचं "सगळ्यात कठीण घे" आम्ही आधी गणितात घालून बघितलं. कारण बहिणीने ते एकदा करून झालं होतं. मागच्या वर्षी एकाच सेमिस्टरला ऑर्गॅनिक टू, फिजिक्स टू आणि जेनेटिक्स, तिन्ही लॅबसकट. दोन सांभाळले. जेनेटिक्समध्ये सी आला.

अमेरिकेतल्या बहुतेक एमडी स्कूल्सचा अर्ज एएमसीएएस नावाच्या एकाच यंत्रणेतून जातो. तिथे एकूण जीपीए निघतो आणि त्याशिवाय बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स यांचा वेगळा जीपीए निघतो. त्याला बीसीपीएम म्हणतात.

आता हिशोब बघा. समजा, तुमचे सायन्सचे ६० क्रेडिट झालेत आणि जीपीए ३.६ आहे. चार क्रेडिटच्या एका कोर्सला सी मिळाला, म्हणजे २.०. जीपीए होतो ३.५. एवढंच ना? पण परत ३.६ वर यायला तुम्हाला १६ क्रेडिट लागतात, सगळ्यांत ए. म्हणजे एक सी भरून काढायला चार कोर्स, चारही ए. कागदावर करून बघा, पटेल.

आणि कोर्स परत करून जुना ग्रेड पुसता येत नाही. तुमचं कॉलेज जुना ग्रेड वगळत असेलही, पण एएमसीएएस दोन्ही प्रयत्न धरतं.

हे कळल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या चारही जागा त्या एका सीने खाल्ल्या." मी म्हटलं, खाल्ल्या नाहीत, पण आता एकही जागा शोभेसाठी खर्च करायची नाही.

पहिली चाळणी: परीक्षेला खरंच काय लागतं

आमच्या यादीत प्रत्येक कोर्ससमोर तिने लिहिलं होतं, "एमकॅटला उपयोगी". अकराच्या अकरा. तसं नसतं. एमकॅट घेणारी संस्था, एएएमसी, कुठल्या विषयातून साधारण किती प्रश्न येतात ते स्वतःच जाहीर करते. परीक्षेचे चार भाग आहेत. त्यातला एक निव्वळ वाचन-आकलनाचा. उरलेल्या तिघांचं असं:

- बायोलॉजीच्या भागात सुमारे ६५ टक्के पहिल्या पातळीची बायोलॉजी, २५ टक्के बायोकेमिस्ट्री, बाकी केमिस्ट्री.
- केमिस्ट्री-फिजिक्सच्या भागात ३० टक्के जनरल केमिस्ट्री, २५ टक्के फिजिक्स, १५ टक्के ऑर्गॅनिक आणि परत २५ टक्के बायोकेमिस्ट्री.
- तिसऱ्या भागात ६५ टक्के सायकॉलॉजी, ३० टक्के सोशिऑलॉजी.

यात वरच्या पातळीचा म्हणावा असा विषय एकच, तो म्हणजे बायोकेमिस्ट्री. तीही पहिल्या सेमिस्टरचीच. दोन भागांत पाव-पाव हिस्सा. इम्युनॉलॉजी, व्हायरॉलॉजी, डेव्हलपमेंटल बायोलॉजी हे कोर्स चांगलेच आहेत, पण एमकॅटसाठी म्हणून ते घ्यायची गरज नाही. त्यामुळे बायोकेमिस्ट्री राहिली असेल तर पहिली जागा तिची, आणि तीही परीक्षेच्या आधी. यावर आमचा वाद झालाच नाही.

दुसरी चाळणी: पुढे काय हाताशी राहील

मेडिकल स्कूल सगळं पुन्हा शिकवतं. मग आधी शिकून फायदा कशाचा? माझ्या मते दोन प्रकारचे कोर्स असतात. एकात नावं पाठ होतात, दुसऱ्यात विचार करायची पद्धत बसते. नावं वापरली नाहीत तर वर्षभरात उडतात. पद्धत राहते.

फिजिऑलॉजी दुसऱ्या प्रकारात येते. साधं उदाहरण देतो. हृदय मिनिटाला समजा ७० वेळा धडधडतं आणि दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं. गुणाकार केला की मिनिटाला जवळपास ५ लिटर. आता अपघातात रक्त गेलं. दर ठोक्याला ढकललं जाणारं रक्त कमी झालं. शरीर काय करणार? ठोके वाढवणार. म्हणून अशा पेशंटची नाडी जलद लागते. हे पाठ करायचं नाही, गुणाकारातून काढायचं. एकदा अशी सवय लागली की मूत्रपिंड असो की फुप्फुस, तुम्ही काय वाढलं, काय घटलं, शरीराने भरपाई कशी केली, हे विचारायला लागता.

बायोकेमिस्ट्री आणि सेल बायोलॉजी एकत्र आल्या की काय होतं, तेही बघा. ॲस्पिरिन एका एन्झाइमला कायमचं बंद करतं. इतर पेशी नवीन एन्झाइम बनवतात, विषय संपला. पण रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सना केंद्रकच नसतं, त्यामुळे त्या ते नव्याने बनवू शकत नाहीत. प्लेटलेट जगते ७ ते १० दिवस. म्हणून गोळी पोटात गेल्यावर काही तासांत रक्तातून निघून जाते, पण तिचा परिणाम कित्येक दिवस टिकतो. एक गोष्ट बायोकेमिस्ट्रीतली, एक सेल बायोलॉजीतली, आणि समोर पेशंटच्या उपयोगाचं उत्तर.

ॲनाटॉमीचं काय? मावशीचा आग्रह तोच होता. "डॉक्टरला ॲनाटॉमी नको?" हवीच. पण ती मेडिकल स्कूलमध्ये पहिल्यापासून आणि कितीतरी खोलात शिकवतात. आवड असेल तर जरूर घ्या. फक्त पुढे सोपं जाईल म्हणून चार जागांतली एक त्यावर घालवावी असं मला वाटलं नाही. इम्युनॉलॉजीचं थोडं वेगळं आहे. तिथे शब्दच इतके आहेत की पहिल्यांदा ऐकताना डोकं गरगरतं. ती पहिली ओळख कॉलेजात झालेली बरी.

ज्या कोर्सकडे कोणी बघत नाही

यादीत अकराव्या नंबरला, सगळ्यात खाली, स्टॅटिस्टिक्स होतं. मी ते वर ओढलं. ती म्हणाली, "दादा, तू इंजिनिअर आहेस म्हणून." मी तिला एक गणित घातलं, तुम्हीही करा.

एक आजार शंभरात एकाला होतो. त्याची टेस्ट ९० टक्के आजारी लोकांना बरोबर पकडते आणि ९० टक्के निरोगी लोकांना बरोबर सोडते. तुमची टेस्ट पॉझिटिव्ह आली. तुम्हाला आजार असण्याची शक्यता किती? ती पटकन म्हणाली ९० टक्के.

हजार माणसं घ्या. आजारी १०, त्यातले ९ पकडले. निरोगी ९९०, त्यातल्या १० टक्क्यांना, म्हणजे ९९ जणांना, उगाचच पॉझिटिव्ह आलं. एकूण पॉझिटिव्ह १०८, खरे आजारी ९. म्हणजे साधारण ८ टक्के. समोर बसलेल्या घाबरलेल्या माणसाला ९० सांगायचं की ८, हा फरक आहे. रोज टेस्ट लिहून देणाऱ्या माणसाला हे यायलाच हवं. शिवाय स्टॅटिस्टिक्स मॅथ्समध्ये धरलं जातं, म्हणजे बीसीपीएममध्ये येतं.

काय येत नाही, तेही ऐका. सायकॉलॉजी, पब्लिक हेल्थ, इंजिनिअरिंगचे कोर्स आणि, मला वाईट वाटलं, पण कॉम्प्युटर सायन्सही बीसीपीएममध्ये धरत नाहीत. ते एकूण जीपीएत येतात. घेऊ नका असं नाही. पण सायन्सचा आकडा सुधारायला म्हणून घेत असाल तर उपयोग नाही.

निवडण्याआधी चार गोष्टी तपासा

एक, एपी क्रेडिट. शाळेत एपी बायोलॉजी करून कॉलेजची पहिली बायोलॉजी टाळली असेल, तर काही मेडिकल स्कूल्स ते क्रेडिट मानत नाहीत आणि त्याच विषयाचा वरचा कोर्स मागतात. तेव्हा तुमचं इलेक्टिव्ह खरं तर सक्तीचंच झालं. कुठल्या स्कूलला काय लागतं हे एएएमसीच्या एमएसएआर या डेटाबेसमध्ये मिळतं, आणि कॉलेजच्या प्रीहेल्थ ॲडव्हायझरला विचारा.

दोन, तारीख. अर्ज पाठवायची सुरुवात मे-अखेर, जूनच्या सुमारास होते, प्रवेशाच्या जवळपास सव्वा वर्ष आधी. तिसरं वर्ष संपताच अर्ज केला तर चौथ्या वर्षाचे ग्रेड त्यात नसतात. म्हणजे आकड्यासाठी घ्यायचा कोर्स आत्ता, आवडीसाठीचा पुढच्या वर्षी.

तीन, शिफारसपत्रं. बऱ्याच स्कूल्सना सायन्सच्या दोन प्राध्यापकांची पत्रं लागतात. तीनशे मुलांच्या वर्गात कोण कोणाला ओळखतं? वरच्या वर्षाचा वीस जणांचा वर्ग इथे कामाला येतो.

चार, लॅबचे तास. कोर्सच्या नावावर जाऊ नका, सिलॅबस मागवा. आठवड्याला किती तास, परीक्षा किती, बरोबर दुसरं काय चाललंय. एका सेमिस्टरला लॅबवाले दोनच, असा नियम आम्ही केला. तिच्या सीचं कारण जेनेटिक्स नव्हतंच, ती तीन लॅबची गर्दी होती.

शेवटी काय घेतलं

पुढच्या सेमिस्टरला बायोकेमिस्ट्री आणि स्टॅटिस्टिक्स, मग मे महिन्यात एमकॅट. चौथ्या वर्षी फिजिऑलॉजी आणि इम्युनॉलॉजीचा एक छोटा वर्ग. पहिल्या दोन्हींत ए आला तर आमच्या उदाहरणातल्या हिशोबाने ३.५ चं ३.५६ होतं. पूर्ण भरपाई नाही. त्यासाठी एक वर्ष थांबून अर्ज करावा का, यावरही बोललो. नुसत्या दशांशासाठी थांबू नकोस, एमकॅटचा आकडा बघून ठरव, असं मी म्हटलं. थांबणं म्हणजे वर्ष वाया, हे मावशीचं मत अजून तसंच आहे. तिच्या जागी मी असतो तर कदाचित मलाही तसंच वाटलं असतं.

मावशीने शेवटी एवढंच विचारलं, "पण हे त्यांना पुरेसं कठीण दिसेल ना?" बहीण म्हणाली, "आई, कठीण कोर्समधला सी मी दाखवून झाले. आता जमलेलं दाखवते."

तुमच्या घरी कोणी या वाटेवर असेल तर हा भाग त्यांना पाठवा, आणि रजिस्ट्रेशनच्या आदल्या रात्री नाही, महिनाभर आधी पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.