फोन उत्तर देते का? : लहान मूल नेमकं शिकतं कसं

आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ जमेल तेवढे काढलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

एरवी आपण इथे कोडिंग, नोकऱ्या, नवी टूल्स यावर बोलतो. आज विषय वेगळा आहे: पहिल्या पाच-सहा वर्षांत मूल कसं शिकतं. मी काही बालतज्ज्ञ नाही, साधा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण या बाबतीत मी एक चूक केली, आणि ती निस्तरताना बरंच वाचलं, बरंच विचारलं. ते तुमच्यापर्यंत पोचवतोय.

मी बनवलेलं ॲप

मी समुद्रपूरचा. बी.टेक. झालं, पुण्यात नोकरी लागली, आता बरेच दिवस घरूनच काम करतो. घरात आई-बाबा, दादा-वहिनी आणि दादाची मुलगी. तिला सगळे चिमणी म्हणतात, इथेही तेच म्हणू.

चिमणी दीड वर्षाची झाली तेव्हा मी तिच्यासाठी एक ॲप बनवलं. चाळीस चित्रं, प्रत्येक चित्रामागे माझा आवाज. गाय, बैल, आंबा, चमचा. बोट लावलं की मी बोलतो. दोन शनिवार-रविवार गेले त्यात. पुढे मी त्यात खेळ टाकला: ॲप म्हणणार ‘गाय कुठे?’ आणि चिमणीनं गाईवर बोट ठेवायचं. महिन्याभरात ती पटापट ओळखायला लागली. पुण्यातला एक मित्र म्हणाला, प्ले स्टोअरवर टाक, चालेल.

जेवताना फोन समोर असायचा. फोन दिला की पोरगी तोंड उघडायची, वरण-भात आत जायचा. घरात सगळे खूश. सगळ्यात जास्त मी.

ती एकवीस महिन्यांची असताना एक दिवस वहिनीसोबत मीही अंगणवाडीत गेलो. वजन-उंचीचा दिवस होता. अंगणवाडीच्या ताईंनी वजन घेतलं, दंडाला पट्टी लावून पाहिली, वहीत लिहिलं आणि विचारलं, “बाकी सारं ठीक हाय भाऊ. पन पोरगी बोलते किती?”

मी म्हटलं, “ताई, चाळीस चित्रं ओळखते.”

“ओळखते ते बरं हाय. बोलते किती?”

आम्ही मोजले. आई, बाबा, ‘मम’ आणि ‘नाई’. चार.

ताई म्हणाल्या, “दिवसभर बोलन कोनाशी? फोन उत्तर देते का तिले?”

घरी येताना गल्लीत शेजाऱ्यांची गाय उभी होती. मी चिमणीला विचारलं, “गाय कुठे?” ती माझ्या खिशाकडे बघायला लागली. खिशात फोन होता.

मेंदूत चाललेलं काय असतं

जन्मतः मुलाच्या मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव असतं. तिसऱ्या वर्षापर्यंत ते ८० टक्क्यांच्या आसपास जातं, पाचव्या वर्षापर्यंत ९० टक्क्यांच्या. पण वजनापेक्षा महत्त्वाच्या आहेत त्या मेंदूच्या पेशींमधल्या जोडण्या. हार्वर्ड विद्यापीठातलं बालविकास केंद्र सांगतं की पहिल्या काही वर्षांत सेकंदाला दहा लाखांहून जास्त नव्या जोडण्या तयार होतात.

आता गंमत बघा. यातल्या पुष्कळ जोडण्या पुढे टिकत नाहीत. घर बांधताना कुठे पंखा आणि कुठे बल्ब लागेल हे माहीत नसेल, तर आपण सगळीकडे वायर टाकून ठेवू आणि नंतर जी वापरात नाही ती काढू. मेंदूही साधारण तेच करतो. ज्या जोडण्या रोज वापरल्या जातात त्या पक्क्या होतात, बाकीच्या छाटल्या जातात.

याचं एक उदाहरण आपल्या भाषेच्या अगदी जवळचं आहे. ‘ट’ आणि ‘त’ यातला फरक आपल्याला सहज कळतो. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला तो ऐकूच येत नाही म्हटलं तरी चालेल. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांनी १९८४ साली इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना कळला. हिंदी घरांतल्या मुलांना मात्र तो वर्ष भरत आलं तरी कळत होता. म्हणजे तोंडातून पहिला शब्द निघायच्या आधीच, कुठले आवाज कामाचे आणि कुठले नाहीत याची निवड सुरू झालेली असते.

मग माझा प्रश्न असा होता: आवाज तर माझ्या ॲपमध्येही होता. शुद्ध मराठी होता. तो का नाही पुरला?

आवाज पुरत नाही, माणूस लागतो

याचं उत्तर मला २००३ सालच्या एका प्रयोगात सापडलं. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी मँडरिन भाषा ऐकवली. काही बाळांसमोर मँडरिन बोलणारं माणूस बसायचं, पुस्तक वाचायचं, खेळणी दाखवायचं. अशा बारा बैठका झाल्या. दुसऱ्या बाळांना हेच सगळं टीव्हीवर दाखवलं, आणि आणखी काहींना फक्त आवाज ऐकवला.

माणसासोबत बसलेली बाळं मँडरिनमधले अवघड आवाज ओळखायला शिकली. टीव्हीवाली आणि फक्त आवाजवाली बाळं काहीच शिकली नाहीत. माणसं तीच होती, मजकूर तोच होता आणि वेळही तेवढाच दिला होता.

म्हणजे काच वाईट आणि माणूस चांगला, असं आहे का? तसंही नाही. पुढे २०१४ साली आणखी एक अभ्यास आला. त्यात दोन ते अडीच वर्षांची मुलं नवे शब्द व्हिडिओ कॉलवरूनही शिकली, पण आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून शिकली नाहीत. फरक काय? कॉलवरचं माणूस मुलाकडे बघून थांबतं, हसतं, ते काय म्हणालं त्यावर बोलतं. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ आपल्याच तालात पुढे जात राहतो.

ताईंनी हेच विचारलं होतं. फोन उत्तर देतो का?

मूल ‘ऊं’ करून बोट दाखवतं, आपण म्हणतो, “काय गं, चिमणी दिसली? उडाली बघ.” ते पुन्हा ‘ऊं’ करतं, आपण पुन्हा बोलतो. हा रोजचा चेंडूफळीचा खेळ म्हणजेच शिकणं. माझं ॲप फक्त बॉल टाकत होतं. तिनं मारलेला बॉल परत आणायला तिथं कोणीच नव्हतं.

दुसरी गोष्ट हातापायांची. चालायला शिकणाऱ्या मुलांवर कॅरन अडॉल्फ यांच्या गटानं केलेला अभ्यास आहे, २०१२ सालचा. बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात. तासाला सतरा वेळा! आणि दर वेळी उठतात. पडणं हा त्या शिकण्याचाच भाग आहे. मांडीवर फोन घेऊन बसलेलं मूल पडत नाही, म्हणून आपल्याला वाटतं किती शांत, किती गुणी.

हे आपल्याकडे आधीच माहीत होतं

परदेशी अभ्यास सांगतोय, पण या कामाची मोठी परंपरा आपल्या महाराष्ट्रातच आहे. ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिल्या, म्हणजे आपल्या वऱ्हाडात. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करून १९२६ साली त्यांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला. माँटेसरींचा विचार त्यांना पटला होता, पण त्यातली साधनं महाग. गरिबाच्या पोरानं काय करायचं? १९४५ साली ताराबाई आणि अनुताई वाघ बोर्डीला कामाला लागल्या, पुढे कोसबाडला गेल्या. पानं, दगडगोटे, बिया, शंख-शिंपले हीच त्यांची साधनं झाली. पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी.

आणि आमचा वर्धा जिल्हा? नयी तालीम इथलीच. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, तेव्हा योजना सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती. १९४५ साली सेवाग्रामला विचार पुढे गेला: शिक्षण सातव्या वर्षी सुरू होत नाही, ते जन्मापासून चालू असतं. तिथे शांता नारुलकरांनी पूर्व-बुनियादीचं, म्हणजे सात वर्षांच्या आतल्या मुलांचं काम उभं केलं. स्वच्छता, खाणं, बाग, खेळ, यातूनच शिकणं. हे माझ्याच जिल्ह्यात घडलं होतं, आणि मी ॲप बनवत होतो.

सरकारी अंगणवाड्या आल्या त्या एकात्मिक बालविकास योजनेतून, २ ऑक्टोबर १९७५ पासून, देशभरात ३३ प्रकल्पांनी सुरुवात करून. आपल्याकडे अंगणवाडी म्हणजे खिचडीची जागा असं धरून चालतात. पण पूरक आहार, लसीकरण, तपासणी यांच्यासोबत तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वप्राथमिक शिक्षण हीसुद्धा तिचीच जबाबदारी आहे. आणि आपण? तीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल देऊन ए-बी-सी-डी गिरवायला लावणाऱ्या नर्सरीची फी भरतो, आणि तिथं पोरं मातीत खेळतात म्हणून अंगणवाडीला नावं ठेवतो.

आम्ही काय केलं

आधी कान तपासले. मूल उशिरा बोलतं तेव्हा सगळा दोष फोनवर टाकून मोकळं होऊ नका. ऐकू कमी येत असेल तर ते लवकर कळायला हवं. चिमणीचे कान ठीक निघाले.

मग जेवणातला फोन बंद. पहिले चार दिवस घरात रडारड. पाचव्या दिवशी आईनं तिला तुरीच्या शेंगांच्या ढिगाशी बसवलं. आई शेंगा सोलायची आणि बोलत राहायची. “ही पाहा किडकी. ही चांगली. टाक टोपल्यात.” चिमणी एक दाणा टाकायची, तीन सांडायची. माझी आई आठवी शिकलेली. तिनं यावर एकही पेपर वाचलेला नाही. पण ती प्रत्येक ‘ऊं’ला उत्तर देत होती.

आठ-दहा दिवसांनी दाणे पसरले आणि चिमणी म्हणाली, “सांडलं.” माझ्या ॲपमधल्या चाळीस शब्दांत हा नव्हता.

दोन वर्षं दोन महिन्यांची असताना ती “पानी दे” म्हणाली. दोन शब्द, जोडून. हे फोन बंद केल्यामुळे झालं की वेळ आली म्हणून झालं, हे एका मुलीवरून मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. एवढं मात्र नक्की की आता घरात तिच्याशी बोलणारी पाच माणसं आहेत. आधीही पाचच होती.

थोडक्यात, घरी करण्यासारखं

- जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांच्या आतल्या मुलांना स्क्रीन नको. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर उत्तम. दूरच्या आजोबांशी व्हिडिओ कॉल जरूर करू द्या.
- आपणही फोन खाली ठेवा. मूल बघतंय आणि आपण स्क्रोल करतोय, तर तेही उत्तर न देणंच झालं.
- जे करताय ते बोलत करा: कणीक मळणं, कपडे वाळत घालणं, बाजार. आपली बोली बोला. ‘तुले-मले’नं मुलाचं काही बिघडत नाही.
- मूल बोललं की घाईनं सुधारू नका, त्याच्या बोलण्याला पुढे न्या. ते ‘गा’ म्हणालं तर “हो, गाय! गवत खाऊन राहिली.”
- शेंगा सोलू द्या, पाणी ओतू द्या, सांडू द्या. पुढे पेन्सिल धरायची बोटं इथेच तयार होतात.
- साधारण वर्षाच्या आसपास पहिला शब्द आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडी यायला हवी. येत नसेल तर ‘आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात’ म्हणत बसू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. तिथे दाखवा, नाहीतर थेट डॉक्टरांकडे जा.

ॲप मी प्ले स्टोअरवर टाकलं नाही. मित्र अजून विचारतो. त्याला हा भाग पाठवणार आहे.

तुमच्या घरात लहान मूल असेल तर ते सध्या कोणता शब्द सारखा म्हणतं ते मला कळवा. पुढच्या भागात आपण नेहमीच्या विषयावर येऊ. तोवर नमस्कार.