कळीच्या टोपीवरील अक्षर

लिहिताना आपली बोटे ज्या चिमुकल्या टोप्यांवर पडतात, त्यांच्याकडे आपले लक्ष जाते ते वरचे अक्षर पुसले गेल्यावर. साध्या कळफलकावर अक्षर बहुधा वरून छापलेले असते; देवनागरीच्या वाट्याला तर पुष्कळदा मागाहून डकवलेली चिकटपट्टीच येते. घामाने तिचे कोपरे सुटतात, आणि मराठी लिहू पाहणारा मनुष्य निमूटपणे रोमन अक्षरांतून मराठी उच्चार टिपू लागतो. आपल्याच घरात शेजाऱ्याच्या दाराने शिरण्यासारखे हे आहे. यावर उपाय आहे, आणि त्याचे मर्म सुरतेच्या रंगाऱ्यांना चांगले ठाऊक आहे.

यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र खटका असतो व त्यावर टोपी नुसती दाबून बसवलेली असते. दोन कळांच्या मध्यबिंदूंतील अंतर 19.05 मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. टोपीच्या पोटातील फुलीच्या आकाराची खाच खटक्याच्या दांडीवर घट्ट बसली पाहिजे. ती किंचित सैल झाली तरी टोपी डगमगते. हे माप सांभाळले की आपल्या आवडीच्या टोप्या कोणालाही घडविता येतात. हौशी कारागीर रबरी साच्यात राळ ओतून एकेक टोपी करतात. ते शोभेचे काम झाले. रोज लिहिणाऱ्यास संपूर्ण संच हवा.

अक्षर टिकविण्याच्या दोन रीती विशेष आहेत. पहिलीत दोन रंगांचे प्लास्टिक एकात एक ओततात. असे अक्षर कधीच झिजत नाही, पण प्रत्येक अक्षराला निराळा साचा लागतो, आणि थोड्या प्रतींसाठी तो खर्च परवडत नाही. दुसरी रीत सब्लिमेशनची. कागदावर छापलेला रंग सुमारे 200 अंश सेल्सियस उष्णतेने वायुरूप होऊन टोपीच्या अंगात मुरतो. एबीएस प्लास्टिक इतक्या उष्णतेला टिकत नाही, पीबीटी टिकते. आता गंमत पाहा. पीबीटी हे पॉलिएस्टरच्याच कुळातले! सुरतेत पॉलिएस्टरच्या साड्यांवर ज्या जातीचे रंग उष्णतेने चढवितात, त्याच जातीचे रंग येथेही चालतात. पांडेसऱ्याच्या गिरण्यांत आणि उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली मराठी माणसे पुष्कळ आहेत. त्यांना या विद्येची ओळख मी काय करून द्यावी?

मात्र साडीवरील वेलबुट्टी किंचित पसरली तर चालते, अक्षर पसरून चालत नाही. टोपीचा माथा जेमतेम 12 मिलिमीटर रुंद. त्यात रोमन अक्षर आणि शिफ्टचे मिळून दोन देवनागरी अक्षरे मावायची. रोमन मोठी अक्षरे एका उंचीची असतात. आपल्याला वर मात्रेला आणि खाली उकाराला जागा द्यावी लागते. शिवाय वायुरूप रंग कडांशी थोडा फाकतो. 'भ' आणि 'म' यांतील भेद शिरोरेषेच्या एवढ्याशा फटीवर उभा आहे; ती बुजली की भात मात होतो. म्हणून छापील पुस्तकाचे वळण जसेच्या तसे न उचलता, फटी रुंद आणि पोकळ्या मोकळ्या ठेवून अक्षर नव्याने रेखाटावे लागते.

हे कसब निराळे आहे, याचा अनुभव सुरतेने पूर्वीच घेतला आहे. येथील व्यापारी भीमजी पारेख यांच्या विनंतीवरून 1674 साली ईस्ट इंडिया कंपनीने हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईस धाडला. त्याला छापता येत होते, पण देशी अक्षरांचे खिळे पाडता येत नव्हते. तेव्हा पारेखांनी आपल्याच माणसांकडून खटपट चालविली.

अक्षरांची जागा ठरविण्याचे काम मात्र आता झालेले आहे. इनस्क्रिप्ट रचनेत 'क'च्याच कळीवर 'ख' आहे, 'ल'च्या कळीवर आपला 'ळ' आहे. गुजराती अक्षरांनाही हीच स्थाने असल्यामुळे एका आराखड्यावर दोन्ही लिपींचे संच निघू शकतात. करणाऱ्याने आरंभ 'ष', 'भ' आणि 'घ' यांपासून करावा, आणि मधली लांब पट्टी शेवटी हाती घ्यावी; उष्णतेने वाकते ती सर्वांत आधी तीच.